बेवड म्हणजे नेमकं काय? जुनी मुळं कुजतात तेव्हा नव्या रोपाच्या शेजारी कोण राहायला येतं

पीक निघालं, वरचा सगळा पसारा उचलून नेला की शेत मोकळं दिसतं आणि आपण सरळ म्हणून टाकतो की जमीन आता रिकामी आहे. वरून बघितलं तर तसंच वाटणार. पण खाली ते पीक अजून तिथंच असतं, मुळांच्या जाळ्याच्या रूपात, काही मुळं वीतभर खोल तर काही माणसाच्या उंचीएवढी खोल, आणि ती आता मरायला लागलेली असतात. पुढचं बी पेरतो ते या मरणाऱ्या जाळ्याच्या मधोमध पडतं. आपल्या भाषेत याच्यासाठी एक फार नेमका शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर राहिलेला परिणाम म्हणजे बेवड, कुणाचा चांगला, कुणाचा वाईट. शब्द जुना आहे पण त्याच्या आत नक्की काय काय चालतं हे आत्ता आत्ता नीट दिसायला लागलंय, आणि त्यातला मोठा वाटा त्या कुजणाऱ्या मुळांचा आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. महिना-दोन महिन्यांपूर्वी कापलेल्या पिकाचं एखादं धसकट घ्या, हिसका मारू नका, बाजूने माती सैल करून हळूच काढा आणि पाण्यात ठेवून माती आपोआप सुटू द्या. मग एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. बाहेरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखा चिवट गाभा उरतो. साल आधी कुजते, गाभा मागे राहतो, आणि या दोन्हींच्या मध्ये जी पोकळी तयार होते ती पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात आहे. जमीन नांगरलेली नसेल आणि शेजारी नवीन पीक उगवलेलं असेल तर कधी कधी असंही दिसतं की नव्या रोपाचं पांढरं कोवळं मूळ जुन्या मुळाच्या त्याच नळीतून खाली गेलंय, म्हणजे मेलेल्याच्या अंगात जिवंत. मला हे दृश्य फार आवडतं, कारण कुठल्याही आकृतीपेक्षा हे जास्त सांगून जातं.

आता थोडं मागून सुरू करू. जिवंत मुळाभोवतीची काही मिलिमीटर माती ही बाकीच्या मातीपेक्षा वेगळी असते हे १९०४ साली जर्मनीच्या लोरेंझ हिल्टनर यांनी मांडलं आणि त्या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव दिलं. झाड पानात जी साखर तयार करतं तिचा बऱ्यापैकी हिस्सा मुळांवाटे बाहेर सोडतं, साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, चिकट द्रव, गळून पडलेल्या पेशी असं सगळं. आणि मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव कायम उपाशी असतात हे लक्षात घ्या. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात, पण त्यातले बरेचसे कुठल्याही क्षणी जवळजवळ झोपलेले असतात, खायला नाही म्हणून. माती म्हणजे त्यांच्यासाठी मोठं वाळवंट, आणि जिथं अन्न आहे तिथं छोटी छोटी गजबजलेली गावं. जिवंत मुळाभोवतीचं रायझोस्फिअर हे असं एक गाव. मेलेल्या मुळाभोवतीचं दुसरं गाव, त्याला डेट्रिटस्फिअर म्हणतात, म्हणजे कुजणाऱ्या अवशेषांच्या भोवतीचा पट्टा, तोही मिलिमीटरांतच मोजायचा. दोन्ही ठिकाणी गर्दी असते पण गर्दी सारखी नसते, कारण वाढलेलं ताट वेगळं असतं. पहिल्या गावात सारखी थोडी थोडी ताजी साखर येत राहते. दुसऱ्यात एकदम मोठा साठा पडलेला असतो, त्यातला सोपा भाग लगेच संपतो आणि मग अवघड, चावायला कठीण असा माल उरतो.

मूळ मरतं म्हणजे काय होतं हेही बघायला हवं, कारण ते एका झटक्यात मरत नाही. वरचं खोड कापलं तरी मूळ साठवलेल्या साखरेवर काही काळ श्वास घेत राहतं. मग साठा संपतो, पेशींचे पडदे ढिले पडतात, आतला रस बाहेर झिरपायला लागतो. हा रस म्हणजे सूक्ष्मजीवांना मेजवानी, तासांत आणि दिवसांत त्यांची संख्या वाढते, आणि या टप्प्याला जे पुढे येतात ते पटपट वाढणारे जिवाणू असतात, सूडोमोनास, बॅसिलस वगैरे, ज्यांना सोपी साखर मिळाली की ते दुप्पट-चौपट व्हायला वेळ लावत नाहीत. सोपा माल संपला की ते मागे पडतात आणि मग पेक्टिन, हेमिसेल्युलोज, सेल्युलोज ही पेशींच्या भिंतीतली द्रव्यं तोडणारे येतात, यात बुरश्या आणि ॲक्टिनोमायसिटीज नावाचे धागेदार जिवाणू (पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास हा यांच्याच जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा). सगळ्यात शेवटी उरतं लिग्निन, लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, ते तोडायला मोजक्या बुरश्या आणि काही जिवाणूच लागतात आणि त्याला महिने, वर्षं जातात. म्हणजे मेलेलं मूळ असं मोघम बोलून चालत नाही, किती दिवसांपूर्वी मेलेलं हे विचारावंच लागतं, कारण आठ दिवसांपूर्वी मेलेल्या मुळाभोवतीचे सूक्ष्मजीव आणि आठ महिन्यांपूर्वी मेलेल्या मुळाभोवतीचे सूक्ष्मजीव यांच्यात फार थोडे कॉमन असतात. आणि मला वाटतं बेवडाबद्दल बोलताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच गोष्टीकडे. आपण कुठलं पीक होतं ते विचारतो, ते मरून किती दिवस झाले ते विचारत नाही.

ताटात काय वाढलंय यावरून अजून एक हिशोब लागतो, कर्ब (कार्बन) आणि नत्राचा (नायट्रोजन). ऐकायला रुक्ष वाटतो पण एकदा समजला की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. सूक्ष्मजीवाच्या अंगात साधारण ८ भाग कर्बामागे १ भाग नत्र असतं. तो जो कर्ब खातो त्यातला अंदाजे दोन तृतीयांश श्वासावाटे हवेत जातो. म्हणजे ८ भाग अंगी लागायचे तर जवळपास २४ भाग खायला लागतात, आणि त्या २४ भागांबरोबर १ भाग नत्र मिळालं की त्याचं भागतं. आता गव्हाच्या काडीत हे प्रमाण ८० ला १ च्या आसपास असतं, मुळांत काडीपेक्षा कमी असलं तरी २४ च्या बरंच वर. असं खाणं पुढ्यात आलं की सूक्ष्मजीवांना नत्र कमी पडतं आणि ते आजूबाजूच्या मातीतलं नत्र ओढून घेतात, नेमकं तेव्हाच जेव्हा नव्या रोपालाही ते हवं असतं. तृणधान्यावर तृणधान्य घेतलं की सुरुवातीला पीक पिवळट दिसतं त्यामागे बऱ्याचदा हे असतं. कडधान्याच्या मुळांत नत्र जास्त, त्यामुळे तिथं उलट होतं, कुजताना नत्र उरतं आणि मातीत सुटतं. शिवाय मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला घेता येईल असं करून देतात, यालाच नत्र स्थिर होणं म्हणतात. जिवंत असताना या गाठी आतून गुलाबी असतात, लेगहिमोग्लोबिन नावाच्या रंगद्रव्यामुळे, वरचं खोड कापलं की थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी होतात, फुटतात, आणि आतले रायझोबियम जिवाणू परत मातीत जातात, पुढच्या कडधान्याची वाट बघत. पण कडधान्य घेतलं की पुढच्या पिकाला नत्राची चिंता नाही असं जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही, कारण स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर शेताबाहेर जातो, मागे राहतं ते मुळं, गाठी आणि पाल्यातलं, आणि ते किती हे पिकावर आणि त्या हंगामात पीक कसं आलं यावर ठरतं.

बरं, सूक्ष्मजीवांनी नत्र अंगात अडकवून ठेवलं तर ते झाडाला परत कधी मिळतं? सूक्ष्मजीव मेले की, हे एक उत्तर, पण खरी गंमत त्यांना खाणाऱ्यांत आहे. अमिबा आणि इतर एकपेशीय प्राणी, जिवाणू खाणारे सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म किडे, हे सगळे त्या गजबजलेल्या गावात शिकारीला येतात, जिवाणू खातात, पण जिवाणूच्या अंगात जेवढं नत्र असतं तेवढं त्यांना लागत नाही, म्हणून जास्तीचं अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात, आणि शेजारचं मूळ ते उचलतं. स्वीडनच्या मारियान क्लारहोम यांनी १९८५ साली गव्हाच्या रोपांवर हे दाखवलं, मातीत अमिबासारखे शिकारी असले की रोपं जास्त नत्र घेतात. सूत्रकृमी म्हटलं की आपल्याला फक्त मुळांवर गाठी करणारे रोगकारक सूत्रकृमीच आठवतात, पण मातीत असलेल्यांपैकी बरेचसे जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात आणि झाडाचं कामच करतात.

आता त्या नळ्यांकडे वळू. मूळ कुजून गेलं की मागे एक पोकळ बोगदा राहतो, त्याला बायोपोअर म्हणतात, गांडुळांची बिळंही यातच मोजतात. वरची मऊ माती असते तिथं नव्या मुळाला कुठूनही जाता येतं, पण खालचा थर घट्ट असतो, तिथं मुळाला जोर लावून माती बाजूला सारावी लागते आणि ते महाग पडतं, म्हणून जुना बोगदा सापडला की मूळ त्यात शिरतं. लसूणघास, चिकोरी अशी जाड सोटमुळाची पिकं खोलवर असे बोगदे करून ठेवतात आणि पुढच्या पिकाची पातळ मुळं त्यातून खाली पाण्यापर्यंत पोचतात. या बोगद्याच्या भिंती साध्या मातीच्या नसतात. जुन्या मुळाने माती दाबलेली असते, त्यावर कुजलेल्या सालीचा काळपट लेप असतो, अन्नद्रव्यं जास्त, हवा जास्त, सूक्ष्मजीव कितीतरी जास्त. म्हणजे नवीन मूळ मोकळ्या रस्त्याने चाललंय असं दिसत असलं तरी तो रस्ता वस्तीतून जातो, दोन्ही बाजूंनी दारं उघडी असलेल्या वस्तीतून, आणि त्या घरांत मित्र राहतात की रोगकारक हे आधीचं पीक ठरवून गेलेलं असतं. याचा तोटाही आहे, बोगदा रुंद असला तर मूळ आत लोंबकळतं, भिंतीला नीट चिकटत नाही, आणि पाणी-अन्न भिंतीतून घ्यायचं म्हटलं तर चिकटणं गरजेचं असतं. शिवाय सगळी मुळं एकाच बोगद्यात घुसली तर बाजूची माती तशीच पडून राहते.

हे जे आहे ना, जिवंत मुळाचं गाव आणि मेलेल्या मुळाचं गाव एकमेकांवर येणं, हाच या विषयाचा गाभा आहे. नव्या मुळाचं टोक जुन्या मुळाशेजारून जातं तेव्हा तिथं दोन्ही प्रकारचं अन्न एकदम असतं, नवी साखर आणि जुना कठीण माल. काही सूक्ष्मजीव असे असतात की ज्यांना फक्त नवी साखर हवी, काही फक्त कुजक्या मालावर जगतात, आणि काही दोन्ही खातात, ते अशा जागी फोफावतात. आणि इथं आधी येणाऱ्याचा हक्क चालतो. मुळाचं टोक वाढत वाढत पुढे जातं, मागे त्याची कोवळी जागा उघडी पडते, ती जागा जो पहिल्यांदा बळकावेल त्याला तिथून हलवणं दुसऱ्याला अवघड जातं. लांबून आळशीपणे सरपटत येणाऱ्यापेक्षा शेजारच्या कुजक्या मुळावर आधीच जागा असलेला, पोट भरलेला, संख्येने जास्त असलेला सूक्ष्मजीव अर्थातच आधी पोचतो. म्हणून नव्या मुळाचे पहिले शेजारी बरेचदा जुन्या मुळाचे शेवटचे भाडेकरू असतात. झाड स्वतःही निवड करतं, कुठल्या साखरा आणि कुठली आम्लं सोडायची यावरून कुणाला बोलवायचं ते ठरवतं, पण ज्यांना बोलवायचं ते आसपास असायला तर हवेत.

हे कळतं कसं, हा प्रश्न येईल, कारण मातीच्या कणाएवढ्या जागेत कोण काय खातंय हे बघणार कसं. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. एक पीक अशा बंद खोलीत वाढवतात जिथं कार्बन डायऑक्साइडमध्ये नेहमीच्या कर्बाऐवजी जड कर्ब असतो, कार्बन-१३, किरणोत्सारी नसतो, फक्त थोडा वजनदार असतो. त्या झाडाची मुळं या जड कर्बाची बनतात. ती मातीत पुरायची, वर साध्या हवेत नवीन रोप वाढवायचं. ज्या सूक्ष्मजीवाने जुनी मुळं खाल्ली त्याचा डीएनए जड होतो, ज्याने नव्या मुळाची साखर खाल्ली त्याचा हलका राहतो, मग सगळा डीएनए काढून जोरात फिरवला की जड आणि हलका वेगळे होतात, आणि वाचून बघता येतं की कोण कुणाचं खाऊन वाढलं. दुसरी पद्धत म्हणजे मुळांवर एक खास पडदा ठेवायचा, ज्यावर एन्झाइम, म्हणजे अन्न तोडण्यासाठी सोडलेलं द्रव्य, पडलं की तो उजळतो, त्यामुळे मेलेल्या आणि जिवंत मुळाभोवती कुठलं एन्झाइम कुठवर पसरलंय याचा नकाशाच मिळतो. नुसता डीएनए वाचण्यात मात्र एक अडचण आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मातीतल्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास डीएनए मेलेल्या किंवा फुटलेल्या पेशींचा असतो, जो मातीच्या कणांना चिकटून राहतो. म्हणजे आधीच्या पिकाच्या वेळचे सूक्ष्मजीव मरून गेले तरी त्यांची नावं यादीत येत राहतात. मातीची टेस्ट करून त्यात इतक्या जाती सापडल्या असं कुणी सांगितलं तर हे डोक्यात ठेवून ऐकायचं.

आता मायकोरायझाबद्दल, कारण इथं जुनी मुळं फार मोठं काम करतात आणि ते पटकन लक्षात येत नाही. मायकोरायझा म्हणजे मुळांच्या आत राहणारी आणि बाहेर दूरवर धागे पसरवणारी बुरशी, हे नाव १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी दिलं. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींची यांच्याशी भागीदारी असते. धागे २ ते १० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसमुळापेक्षाही बारीक, त्यामुळे जिथं मूळ शिरू शकत नाही तिथून ते स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर आणि चरबी घेतात. यांना कुजका माल खाता येत नाही, जिवंत मूळच लागतं. मग पीक कापल्यावर ही बुरशी जाते कुठे? थोडी बिजाणूंच्या रूपात मातीत राहते, आणि बाकी त्या मेलेल्या मुळाच्या तुकड्यांच्या आत दडून राहते, तिथं तिच्या चरबीने भरलेल्या पिशव्या असतात. नवीन मूळ त्या तुकड्याजवळ आलं की ती जागी होऊन त्यात शिरते. म्हणजे जुनं मूळ इथं अन्न म्हणून नाही, विरजण म्हणून उपयोगी पडतं. आता जमीन बराच काळ अगदी पडीक ठेवली, तणही नाही काही नाही, तर विरजण हळूहळू संपतं. ऑस्ट्रेलियात हे प्रत्यक्ष घडलं, लांब पडीक ठेवलेल्या जमिनीत पाणी आणि नत्र भरपूर साठलेलं असूनही पीक खुरटं यायचं, स्फुरद आणि जस्त कमी पडल्यासारखं दिसायचं, आणि १९८७ साली याचं कारण मायकोरायझा कमी होणं हे पुढे आलं. मोहरी-कोबीच्या कुळातली पिकं मायकोरायझाशी भागीदारीच करत नाहीत, त्यांच्यानंतरही पुढच्या पिकाला ही बुरशी कमी मिळते, मका किंवा जवसासारख्या बुरशीवर जास्त अवलंबून असलेल्या पिकाला सुरुवातीला ते जाणवतं.

पण त्याच मेलेल्या मुळात रोगही राहतात, हे न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. गव्हाचा टेक-ऑल नावाचा मूळकुजीचा रोग आहे, त्याची बुरशी गव्हाच्या मेलेल्या मुळांत आणि बुडख्यात तग धरून राहते आणि पुढच्या गव्हाचं मूळ जवळ आलं की तिथून उडी मारते. मध्ये एक हंगाम तिला न चालणारं पीक घेतलं की जुना आसरा कुजून जातो, बुरशी उपाशी मरते, फेरपालटाचा हा सरळ फायदा. आता याच्या अगदी उलट वाटेल असं काही ऐका. गहू, गहू, गहू असाच घेत राहिलं तर पहिली काही वर्षं रोग वाढतो आणि मग, कित्येक ठिकाणी, आपोआप कमी होतो आणि कमीच राहतो. याला टेक-ऑल डिक्लाइन म्हणतात. रोगट मुळांवर जमणाऱ्या सूडोमोनास जिवाणूंपैकी काही एक प्रतिजैविक तयार करतात, आणि त्यांची संख्या मुळाच्या दर ग्रॅमला साधारण १ लाखाच्या वर गेली की ते रोगाला आवरतात. म्हणजे रोगट मुळं कुजता कुजता स्वतःच्या शत्रूला दडपणारी फौज मागे ठेवून गेली. याचा अर्थ फेरपालट नको असा कुणी काढू नये, मधली रोगाची वर्षं परवडणारी नसतात आणि हे सगळ्या रोगांच्या बाबतीत होतही नाही, केळीच्या पनामा मर रोगाची फ्युजेरियम बुरशी जाड भिंतीचे बिजाणू करून वर्षानुवर्षं, दशकंही, मातीत पडून राहते.

वेळेचं महत्त्व दाखवणारं सगळ्यात चांगलं उदाहरण पण रोगाचंच आहे. शेतात उगवलेलं तण किंवा सांडलेल्या दाण्यांची रोपं तणनाशकाने मारली आणि दोन-तीन दिवसांत पेरणी केली, तर मरणाऱ्या त्या मुळांवर रायझोक्टोनिया आणि पिथियम हे मूळ कुजवणारे रोगकारक एकदम पोसले जातात आणि कोवळी रोपं नेमकी त्यांच्या तोंडी जातात. याला ग्रीन ब्रिज म्हणतात, हिरवा पूल, ज्यावरून रोग एका पिकातून दुसऱ्यात चालत येतो. तण मारणं आणि पेरणी यात दोन-तीन आठवडे जाऊ दिले की नुकसान बरंच कमी होतं, कारण तोपर्यंत ताजा रस संपलेला असतो आणि त्यावर जगणारे उतरणीला लागलेले असतात. तीच मुळं, तीच माती, फरक फक्त काही आठवड्यांचा.

मुळांतली रसायनंही मागे राहतात. मोहरीच्या कुळातल्या पिकांत ग्लुकोसिनोलेट असतात, पेशी फुटल्या की त्यातून आयसोथायोसायनेट निघतं, मोहरीचा झणका देणारं तेच, आणि ते बऱ्याच बुरश्यांना मारक आहे. यावरून १९९० च्या दशकात बायोफ्युमिगेशन ही कल्पना आली. ताजा पाला बारीक करून ओल्या मातीत लगेच गाडला तर परिणाम दिसतो, पण नुसत्या मुळांच्या कुजण्यातून तेवढं द्रव्य मिळतं का याबद्दल मी सावध राहीन, मोहरीनंतरच्या गव्हाला होणारा फायदा बराचसा रोगाला खायला काही नव्हतं यातूनच येतो. मक्याची गोष्ट मला जास्त भावते. मक्याची मुळं बेन्झोक्साझिनॉइड नावाची द्रव्यं सोडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की ही द्रव्यं मुळांभोवतीचे जिवाणू आणि बुरश्या बदलतात आणि त्यानंतर त्याच मातीत लावलेला पुढचा मका थोडा कमी वाढतो पण पानं खाणाऱ्या अळ्यांशी जास्त चांगला लढतो. जनुकातल्या बदलामुळे हे द्रव्य तयार न करणाऱ्या मक्यानंतर असं होत नव्हतं. म्हणजे एका पिकाने सोडलेलं द्रव्य, त्याने बदललेले सूक्ष्मजीव, आणि त्यांनी बदललेलं पुढच्या झाडाच्या पानांचं वागणं, एवढी लांब साखळी जमिनीखालून जाते.

अजून एक, नवीन मूळ जुन्याच्या कुजण्याचा वेगही बदलतं. जिवंत मुळाची साखर मिळाली की सूक्ष्मजीवांना ताकद येते आणि ते कठीण जुना माल तोडायला घेतात, तोडतात नत्रासाठी, याला प्रायमिंग म्हणतात. कधी उलटही होतं, सोपं मिळतंय म्हटल्यावर कठीणाकडे कुणी बघत नाही. नत्र मुबलक आहे की कमी यावर बरंच ठरतं. आणि एकंदरीत मुळांतला कर्ब मातीत पाल्यापेक्षा जास्त टिकतो, २००५ सालच्या एका आढाव्यात तो सरासरी २.४ पट जास्त काळ राहतो असं निघालं, कारण मुळं आधीच मातीच्या कणांत गुंतलेली असतात, त्यांत लिग्निन सहसा जास्त असतं आणि खोलवर हवा कमी असते. सेंद्रिय कर्ब वाढवायचा म्हणून फक्त वरून पाला टाकण्याबद्दल बोलणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

मग करायचं काय, तर एकच उत्तर सगळीकडे चालत नाही आणि चालेल असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. नांगरट केली की बोगदे मोडतात, मायकोरायझाचं धाग्यांचं जाळं तुटतं, मुळांचे तुकडे सगळीकडे पसरतात, आत हवा गेल्याने कुजणं जोरात होतं आणि रोगाचा आसराही लवकर संपतो. नांगरलं नाही तर बोगदे आणि जाळं टिकतं पण जुनी मुळं जिथल्या तिथं राहतात, चांगले शेजारी आणि वाईट शेजारी दोन्ही धरून. यातून एक मजेशीर प्रश्न तयार झालाय, पुढची ओळ जुन्या ओळीवर पेरायची की दोन ओळींच्या मध्ये? उपग्रहाच्या मदतीने वाट धरणाऱ्या ट्रॅक्टरमुळे आता हे काही सेंटीमीटरच्या अचूकतेने ठरवता येतं. मूळकूज किंवा बुडकूज असेल तर मधल्या पट्ट्यात पेरलेलं बरं, रोगट धसकटापासून लांब. पण वाळूची, पाणी न शोषणारी जमीन असेल तर जुन्या ओळीवर किंवा अगदी लगत पेरलेलं चांगलं उगवतं, कारण जुन्या मुळांच्या नळ्यांतूनच पाणी आत जातं. कुंडीत किंवा वाफ्यात तर निवड आणखी सोपी आहे, आधीचं रोप निरोगी होतं तर उपटायच्या ऐवजी जमिनीलगत कापा आणि मूळ आत राहू द्या, मर किंवा मूळकूज दिसली होती तर मुळासकट काढा आणि तिथं त्याच कुळातलं रोप लगेच लावू नका.

आणि हे सगळं चालू असताना नवीन मूळही थांबलेलं नसतं. त्याची केसमुळं काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत वाळून जातात, टोकावरच्या पेशी रोज गळतात, बारीक फांद्या पीक उभं असतानाच मरायला लागतात. वर रोप अजून फुलावर यायचंय आणि खाली, त्याच्याच जुन्या भागाभोवती, साल सुटायला सुरुवात झालेली असते आणि पहिले जिवाणू येऊन पोचलेले असतात.